तेराव्याला निर्णय नको : प्रौढ बौद्धिक दिव्यांग नातेवाइकाला आपल्या घरी आणताना

आई गेलेली असते. तेराव्याची जेवणं उरकतात, पाहुणे पांगतात आणि घरची माणसं आतल्या खोलीत बसतात. ‘आता याचं काय?’ कुणीतरी डोळे पुसत म्हणतं, ‘मी नेते माझ्याकडे.’ दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बॅग दारात असते.

बहुतेक घरांत चूक इथेच होते. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा तो माणूस दोन आठवड्यांत आई गमावतो. त्यासोबत त्याची कॉट जाते, गल्ली जाते, रोज हाक मारणारा दुकानदारही जातो. महिन्याभरात तो जेवेनासा होतो, नाहीतर हात उगारतो. मग तीच माणसं म्हणतात, ‘आमच्याने नाही होत.’ तो वाईट नसतो आणि तुम्हीही नसता. कामाचा क्रम तेवढा उलटा झालेला असतो.

आमच्याही घरी तो उलटाच झाला. डाउन सिंड्रोम असलेला माझा मामेभाऊ सात वर्षांपासून आमच्याकडे आहे आणि त्यातलं पहिलं वर्ष आम्ही चुका निस्तरण्यात घालवलं. खालचा क्रम त्यातूनच आला. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्या, अठरा वर्षं पूर्ण झालेल्या नातेवाइकांसाठी तो आहे. स्किझोफ्रेनियासारख्या मानसिक आजारात घरातली तयारी बरीचशी अशीच असते, पण कायद्याची वाट वेगळी आहे. त्याबद्दल पाचव्या टप्प्यात.

टप्पा १ : आधी त्याला विचारा, मग घरातल्या प्रत्येकाला

‘येशील ना आमच्याकडे?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’ येतं. पुष्कळ बौद्धिक दिव्यांग माणसं आयुष्यभर ‘हो’ म्हणायलाच शिकलेली असतात, म्हणून असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. दोन घरांचे, दोन खोल्यांचे फोटो समोर ठेवा आणि ‘कुठे झोपायचं?’ असं विचारा. चार दिवसांनी फोटोंच्या जागा बदलून पुन्हा विचारा. दोन्ही वेळा एकाच घरावर बोट ठेवलं, तर ते त्याचं उत्तर. दोन्ही वेळा उजव्या हाताकडच्या फोटोवर ठेवलं, तर अजून उत्तर मिळालेलं नाही. जो बोलत नाही, त्याचं उत्तर वागण्यातून मिळतं. तुमच्या दारात चप्पल काढताना तो कसा असतो, ते पाहा.

मग घरच्यांना विचारा, एकेकट्याला. चारचौघांत सगळेच मोठ्या मनाचे होतात. ‘सगळे मिळून बघू’ हे वाक्य तर मान्यच करू नका, त्याचा अर्थ एकटी सून किंवा एकटी मुलगी बघणार असा होतो. कागदावर सकाळी सहा ते नऊ, दुपार, संध्याकाळ आणि रात्र असे चार रकाने पाडा आणि प्रत्येकात एक नाव लिहा. एकाच माणसाचं नाव तीन रकान्यांत आलं, तर पुढे जाऊ नका. बाकीच्या भावंडांनी काय करायचं तेही आत्ताच लिहून घ्या : महिन्याला किती पैसे द्यायचे, वर्षातले किती दिवस त्याला स्वतःकडे न्यायचं.

*तपासा :* घरात कुणाची दहावी-बारावी, कुणाचं बाळंतपण, कुणाची शस्त्रक्रिया तोंडावर आहे का? असेल तर सहा महिने थांबा.

टप्पा २ : मुक्कामाची चाचणी

हे काम आई-वडील हयात असतानाच सुरू करायचं. आधी एक दिवस यायचं आणि संध्याकाळी परत जायचं. मग एक रात्र. मग एक आठवडा. शेवटी तीन आठवडे, तेही कामाच्या दिवसांत. दिवाळीत किंवा मे महिन्याच्या सुट्टीत केलेली चाचणी ही चाचणीच नाही. घर भरलेलं असतं, श्रीखंड असतं, सगळ्यांना वेळ असतो. खरं काय ते मंगळवारी सकाळी साडेसातला कळतं, जेव्हा पाणी जाणार असतं आणि तो न्हाणीघरातून बाहेर येत नाही.

दर मुक्कामाला त्याचीच चादर, त्याचाच पेला, त्याचाच रेडिओ आणा. पहिल्या भेटीपासून जागा ठरलेली असू द्या, आज हॉल आणि उद्या मुलांची खोली असं नको.

आई आधीच गेली असेल तर शक्य असल्यास उलट करा. तुमच्यापैकी कुणीतरी दोन-तीन आठवडे *त्याच्या* घरी जाऊन राहा आणि मगच त्याला हलवा. आईबद्दल खरं सांगा. ‘गावाला गेलीय’ म्हटलं की तो रोज दारात बसून वाट बघतो. ‘झोपलीय’ म्हटलं की त्याला झोपेची भीती बसते. ‘आई वारली. आता ती परत येणार नाही. मी आहे.’ हे त्याच शब्दांत, तो विचारील तितक्या वेळा सांगा. आमच्याकडे हा प्रश्न दीड वर्ष आला, बहुतेक वेळा जेवताना.

*इशारा :* चाचणी पूर्ण होईपर्यंत आधारवरचा पत्ता बदलू नका आणि जुन्या रेशनकार्डावरून नाव काढू नका. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान तहसील कार्यालयाकडून मिळतं. घाईघाईने पत्ता बदलला आणि तो परत गेला, तर दोन्हीकडचे हेलपाटे तुमच्याच नशिबी.

टप्पा ३ : वही

एकच टप्पा नीट करायला वेळ असेल, तर हा करा. दोनशे पानी वही घ्या आणि आईजवळ, किंवा ज्याने त्याला आजवर सांभाळलं त्याच्याजवळ, दोन दुपारी बसा. मोबाइलवर आवाजही रेकॉर्ड करून ठेवा, कारण बोलताना आई जे सहज सांगून जाते ते लिहायचं राहून जातं.

काय लिहायचं? दिवसाचा क्रम, अगदी चहा बशीत की कपात इथपर्यंत. कुठलं काम स्वतः करतो, कुठे नुसती आठवण करून द्यावी लागते, कुठे हात लावावा लागतो. या तिन्हींत गल्लत झाली की दोन गोष्टी घडतात : येत असलेलं आपण करून देतो आणि तो ते विसरतो, किंवा न येणारं त्याच्यावर सोडतो आणि तो पडतो. कशाची भीती आहे तेही लिहा. कुकरची शिट्टी, कुत्रं, न्हाव्याचं मशीन. दुखत असेल तर कसं कळतं? बरीच माणसं पोटात दुखतंय असं सांगत नाहीत, डोकं भिंतीवर आपटतात किंवा ताट ढकलतात. शौचाला किती दिवसांनी होतं? बद्धकोष्ठता हे अचानक चिडण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे आणि सगळ्यात शेवटी लक्षात येतं. घास किती मोठा घेतो, ठसका लागतो का, शेंगदाणे-चणे चालतात का, हेही विचारा.

आणि त्याचे शब्द. यासाठी वहीत वेगळं पान ठेवा. माझा मामेभाऊ आमच्याकडे आल्यावर दिवसातून पाच-सहा वेळा ‘स्टँड, स्टँड’ म्हणायचा. आम्हाला वाटायचं, त्याला गावाला जायचंय. आम्ही समजूत घालायचो, बिस्कीट द्यायचो आणि दहा मिनिटांत कपडे ओले. दोन आठवडे हे चाललं. शेवटी गावाकडच्या शेजारणीने फोनवर सांगितलं, एसटीत बसायच्या आधी मामी त्याला नेहमी स्टँडवरच्या मुतारीत न्यायची. ‘स्टँड’ म्हणजे लघवी. मामी असताना दोन मिनिटं विचारलं असतं तर त्याला ते पंधरा दिवस शरमेने काढावे लागले नसते.

*तपासा :* ही वही तिसऱ्याच माणसाच्या हातात द्या आणि फक्त वाचून एक सकाळ निभावायला सांगा. जिथे तो अडेल, तिथलं लिहायचं राहिलंय.

टप्पा ४ : डॉक्टर आणि घर

हलवण्याआधी एकदा पूर्ण तपासणी करून घ्या : रक्त, थायरॉइड, डोळे, कान, दात. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावणं फार आढळतं. ‘हल्ली आळशी झालाय’ याचं उत्तर कधी कधी रक्ताच्या एका चाचणीत असतं. याच लोकांत अल्झायमर लवकर, चाळिशी-पन्नाशीतही सुरू होऊ शकतो. त्यामुळे आज त्याला काय काय येतं याची नोंद वहीत हवी, म्हणजे पुढे काय हरवलं ते डॉक्टरांना सांगता येईल. कानात मळाचा बोळा बसल्यामुळे ‘ऐकत नाही’ म्हणून बोलणी खाणारी माणसंही मी पाहिली आहेत.

चालू औषधांची मूळ चिठ्ठी आणि किमान महिन्याभराचा साठा सोबत आणा. फिट्सची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. ‘आपल्याकडे पथ्यपाण्याने बरा होईल’ म्हणून ती बंद करणारे नातेवाईक दर घरात एक असतात. त्यांना वहीला हात लावू देऊ नका.

फिट आली तर घड्याळ बघा, आजूबाजूच्या टणक वस्तू सरकवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या आणि त्याला कुशीवर वळवा. तोंडात चमचा घालायचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी द्यायचं नाही. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा एकामागून एक येऊ लागली, तर १०८.

घरात फार तोडफोड लागत नाही. न्हाणीघर-संडासाच्या कड्या बाहेरून उघडता येतील अशा करून घ्या, हे पहिलं काम. आधाराचा दांडा भिंतीत पक्का बसवा, टॉवेलचा दांडा माणसाचं वजन पेलत नाही. न घसरणारी चटई, रात्रीचा बारीक दिवा, गिझरचं तापमान कमी, गॅस सिलिंडर रात्री बंद. व्हीलचेअर असेल तर दार साधारण ९० सेंटिमीटर रुंद हवं. जुन्या घरांत संडासाचं दार बहुधा त्याहून अरुंद असतं, म्हणून चाचणीच्या आधी टेप लावून मोजा. त्याला स्वतःचं कपाट द्या, निदान एक कप्पा, आणि त्याला न विचारता तो उघडू नका.

*इशारा :* ‘सुरक्षेसाठी’ खोलीत कोंडून कामावर जाणं ही व्यवस्था नव्हे. ज्या दिवशी तेवढाच मार्ग उरतो, त्या दिवशी तुमची योजना फसलेली असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ९२ नुसार, ज्याच्या ताब्यात दिव्यांग व्यक्ती आहे त्याने तिला जाणूनबुजून अन्नपाणी नाकारलं, तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

टप्पा ५ : कागदपत्रं, याच क्रमाने

क्रम चुकला की प्रत्येक खिडकीवर ‘आधी ते घेऊन या’ ऐकावं लागतं.

१. आधार. चाचणी यशस्वी झाल्यावर पत्ता बदला आणि तुमचा मोबाइल नंबर जोडा.

२. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे देशभर चालणारं दिव्यांगांचं ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरून ठरलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते. जुनं, हाताने लिहिलेलं, ‘मतिमंद’ असा उल्लेख असलेलं प्रमाणपत्र कपाटात असेल तर त्यावर विसंबू नका. नवं हातात आलं की टक्केवारी आणि ते कायम आहे की मुदतीचं, हे दोन्ही तिथल्या तिथे वाचा. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात.

३. कायदेशीर पालकत्व. इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे. मूल अठरा वर्षांचं झालं की आई-वडिलांचंही नैसर्गिक पालकत्व संपतं. त्यामुळे ‘आईने माझ्या हाती सोपवलं’ याला बँकेत काही अर्थ नाही. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ खाली दर जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तिचे सदस्य असतात. आई-वडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते आणि रक्ताच्या, लग्नाच्या किंवा दत्तकाच्या नात्याने जोडलेला कुणीही नातेवाईक धरला जातो. प्रमाणपत्र, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, आई-वडिलांचे मृत्यूचे दाखले आणि इतर भावंडांची लेखी संमती जोडा. ही संमती नसली की अर्ज रखडतात. ती तेराव्याला नव्हे, टप्पा १ मध्येच घ्यायची. दिव्यांग व्यक्ती स्त्री असेल तर एकट्या पुरुषाला पालक नेमत नाहीत. पत्नीसह संयुक्त अर्ज करावा लागतो.

आई-वडील हयात असतील तर त्यांनी आत्ताच या समितीसमोर जावं.

मानसिक आजार असेल तर ही समिती उपयोगी नाही, तो राष्ट्रीय न्यास कायद्यातल्या, सुरुवातीला सांगितलेल्या चार प्रकारांत बसत नाही. उपचारांच्या निर्णयांसाठी मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ खाली नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो, तोही त्या व्यक्तीने स्वतः, बरं वाटत असताना लिहून दिला तर उत्तम. मालमत्तेसाठी वकील गाठा.

४. बँक. पालकत्वाचं प्रमाणपत्र दाखवून त्याच्या नावाचं वेगळं खातं उघडा. संयुक्त खातं नको.

५. पेन्शन. आई किंवा वडील सरकारी नोकरीत असतील तर स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. कर्मचारी पेन्शन योजना १९९५ मध्येही कायमस्वरूपी पूर्ण दिव्यांग अपत्यासाठी वयाची अट न ठेवता पेन्शनची तरतूद आहे. आई-वडील असतानाच त्यांच्या पेन्शनच्या कागदांत त्याचं नाव चढवून घ्या. नंतर ते सिद्ध करायला वर्ष जातं. आमचं सव्वा वर्ष गेलं. एकाच कार्यालयाने एकच दाखला तीनदा मागितला.

६. निरामय आरोग्य विमा. राष्ट्रीय न्यासाची ही योजना एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि थेरपीचा खर्चही त्यात येतो. मार्चमध्ये नूतनीकरण करायला लोक विसरतात.

७. संजय गांधी निराधार अनुदान. बसत असेल तर तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात अर्ज करा. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो.

*इशारा :* वडिलोपार्जित घर-जमिनीच्या हक्कसोडपत्रावर त्याचा अंगठा घेऊ नका आणि कुणाला घेऊ देऊ नका. ज्याला व्यवहार समजत नाही, त्याचा करार कायद्याने टिकत नाही. ‘सांभाळतोय तर हिस्सा आमचाच’ हा युक्तिवाद मी लग्नाच्या मांडवातही ऐकलाय. सांभाळण्याचा खर्च त्याच्या उत्पन्नातून हिशेबाने घेता येतो, हिस्सा घेता येत नाही. स्थावर मालमत्तेला हात लावण्याआधी वकिलाला विचारा.

टप्पा ६ : हिशेब

कायदेशीर पालकाने नेमणुकीपासून सहा महिन्यांच्या आत त्याच्या मालमत्तेची आणि देण्याघेण्याची यादी समितीला द्यायची असते, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च. बरेच जण प्रमाणपत्र लॅमिनेट करून ठेवतात आणि हे विसरतात. पुढे एखाद्या भावाने तक्रार केली की हातात काही नसतं. साध्या वहीत तारीख, रक्कम, कशासाठी एवढं लिहा आणि पावत्या पाकिटात ठेवा. त्याच्या हातातही आठवड्याला थोडे पैसे द्या. आमचा मामेभाऊ दर शनिवारी स्वतःच्या पैशाने वडापाव खातो आणि मला विकत घेऊन देत नाही.

प्राप्तिकराबद्दल एक आशा आधीच सोडून द्या. दिव्यांग नातेवाइकाच्या सांभाळासाठीची वजावट (प्राप्तिकर अधिनियम १९६१ मधलं कलम ८०डीडी) जुन्या करप्रणालीतच मिळते आणि अवलंबून असलेल्या पती-पत्नी, मुलं, आई-वडील, भाऊ-बहीण एवढ्यांसाठीच. सख्खा भाऊ चालतो. मामेभाऊ, पुतण्या, भाचा चालत नाही.

टप्पा ७ : पहिले तीन महिने

पाहुण्यांना बोलावू नका. दिवसाचा क्रम चित्रांसह भिंतीवर लावा आणि तो तुमच्या सोयीने बदलू नका. पहिल्या आठवड्यातच त्याला घरातलं एक खरं काम द्या : पाण्याच्या बाटल्या भरणं, कपड्यांच्या घड्या, दूध आणणं. आधी तुम्ही बरोबर जा, मग दहा पावलं मागे राहा, मग गेटपाशी थांबा. तो कोण आहे हे दूधवाल्याला, वॉचमनला आणि शेजाऱ्यांना तुम्हीच सांगा. त्याच्या खिशात फोन नंबराची चिठ्ठी ठेवा.

वागणं बिघडलं तर लगेच मानसोपचाराची गोळी मागू नका. आधी पोट, दात, कान, झोप, आणि मग आईची आठवण, या क्रमाने पाहा. त्यातून काही निघालं नाही तर डॉक्टर. तुम्हाला स्वतःला बोलायची गरज वाटली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

दिवसभर टीव्हीसमोर बसवणं ही या काळातली सगळ्यात सोपी चूक. कार्यशाळा किंवा दिवस-केंद्र शोधा. पुण्याच्या ‘कामायनी’सारख्या संस्थांत प्रौढांसाठी उद्योग केंद्र असतं. मुंबईजवळच्यांनी बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेच्या, नवी मुंबईत खारघरला असलेल्या प्रादेशिक केंद्रात एकदा जाऊन यावं.

टप्पा ८ : तुमची रजा, आणि तुमच्यानंतर

महिन्यातून एक पूर्ण दिवस आणि वर्षातून एक आठवडा तुम्ही नसाल, हे पहिल्या वर्षीच सुरू करा. भावंडांनी लिहून दिलेले दिवस कॅलेंडरवर टाका आणि जाताना ती वही त्याच्याबरोबर पाठवा. राष्ट्रीय न्यासाच्या ‘समर्थ’ आणि ‘घरौंदा’ या, आता एकत्र केलेल्या, योजनांतली केंद्रं निवासासाठी आहेत. गरज पडण्याआधी जाऊन बघा आणि एक रात्र त्याला राहू द्या. बदलापूरच्या ‘आधार’सारखी पालकांनी उभी केलेली निवासी संस्थाही पाहून ठेवा, आणि प्रवेशासाठी प्रतीक्षायादी असेल तर नाव आजच घाला.

पुढचा पालक कोण, हे मृत्युपत्रात नुसतं लिहून चालत नाही, त्यालाही समितीसमोर जावं लागतं. त्या माणसाला टप्पा १ पासून यात घ्या आणि दर दोन महिन्यांनी एक रात्र त्याच्याकडे मुक्काम ठेवा. लोखंडी कपाटात एक पाकीट असू द्या : पालकत्वाचं प्रमाणपत्र, यूडीआयडी, औषधांची चिठ्ठी, बँकेचं पासबुक आणि वहीची झेरॉक्स. आमच्या पाकिटावर माझ्या मुलीने मोठ्या अक्षरांत लिहिलंय : ‘स्टँड म्हणजे लघवी.’